न मोजलेला पाऊस

स्वामीबाई बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि त्यांचे डोळे समोरच्या माणसाला ओलांडून कुठंतरी लांब जायचे. नवख्याला वाटायचं, बाईंना ऐकू गेलं नाही. मग मिनिटा-दोन मिनिटांनी त्या परत यायच्या आणि जिथं सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढं बोलायला लागायच्या. परभणीच्या त्या ऑफिसात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर आठ वर्षं बसले. मधल्या वेळात त्या कुठं जातात हे कळायला मला त्यातली दोन वर्षं लागली.

आमचं ऑफिस म्हणजे जिल्ह्यातल्या पावसाचं दप्तर. गावोगावी पाऊस मोजायची सरकारी भांडी बसवलेली होती. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी त्यातलं पाणी मापात ओतायचं, आकडा लिहायचा आणि महिन्याचं पत्रक आमच्याकडं धाडायचं. ती पत्रकं आम्ही टाईप करायचो, लाल फडक्यात बांधायचो आणि मांडणीवर ठेवायचो. उन्हाळ्याच्या दुपारी, बाहेर रस्ता पांढराफटक पडलेला असताना, आम्ही दोघी श्रावणातले आकडे बडवत बसलेल्या असायचो. पंखा किरकिरायचा, खिडकीच्या वाळ्याच्या पडद्यातून ओला वास यायचा, आणि मला कितीदा तरी खरोखरच पाऊस ऐकू आल्यासारखा वाटायचा.

त्यांचं पूर्ण नाव शिवकांता स्वामी. कपाळाला विभूतीची आडवी बोटं, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगावर कायम फिक्या रंगाचं सुती पातळ. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, तेही मराठीतून. घरी कोण आहे, कोण नाही, याची चौकशी बाकीच्या बायकांनी करून झाली होती. मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

स्टेशन रोडच्या एका रद्दीवाल्याकडं त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. कॉम्प्युटरला बेसिक नावाच्या भाषेत हुकूम कसे द्यायचे, याचं. त्या वेळी परभणीत कॉम्प्युटर पाहिलेला माणूस मला तरी माहीत नव्हता. रद्दीवाल्यानं पुस्तकाची पहिली बारा पानं शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला फाडली होती. बाईंनी तेराव्या पानापासून सुरुवात केली, शब्दकोश मांडीवर घेऊन.

“पहिल्या पानांत मशीन म्हंजी काय ते लिहिलेलं असणार,” त्या मला सांगायच्या. “ते मला अजून ठाऊक न्हाई. त्याच्यासंग बोलायचं कसं, तेवढंच ठाऊक हाय.”

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा धुऊन आले तर बाई जमिनीवर बसलेल्या. ऑफिसात शहाबादी फरशी होती. एकेका फरशीवर त्यांनी खडूनं एकेक अक्षर लिहिलं होतं आणि चिंचोक्यांचे लहान-मोठे ढीग मांडले होते. वहीतली एक ओळ वाचायच्या, एका फरशीवरचे चिंचोके दुसरीवर सरकवायच्या, पुन्हा ओळ वाचायच्या.

“काय करायलाव ताई?”

“पावसाची सरासरी काढायलेय.”

“चिंचोक्यांनी?”

“मशीन न्हाई तर कुनीतरी मशीन व्हावं लागतंय ना गं.”

मग मी नीट पाहिलं. फरशा म्हणजे मशीनच्या आतले कप्पे. वहीतल्या ओळी म्हणजे हुकूम. त्या ओळींना त्यांनी दहा, वीस, तीस असे नंबर दिले होते. एक, दोन, तीन का नाही, विचारलं तर म्हणाल्या, “मागून काही आठवलं तर मधी घालायला जागा पाहिजे. मान्सानं बी असंच जागा सोडून बोलावं.” तेव्हा मला त्यांच्या बोलण्यातल्या त्या थांबण्याचा उलगडा झाला. बोलता बोलता त्या जिथं जायच्या, तिथं हेच चाललेलं असायचं. डोक्यात फरशा मांडलेल्या होत्या आणि ढीग इकडून तिकडं सरकत होते.

असं त्यांनी दीड वर्ष केलं. यंत्र नाही, शिकवणारा नाही, चूक झाली तर सांगणारा कुणी नाही. चूक झाली की चिंचोके उरायचे किंवा कमी पडायचे, तेवढंच.

मग एक दिवस ऑफिसात खरंच कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी आतली खोली थंडगार केली, दारात चपला काढायची पाटी लागली, साहेबांनी नारळ फोडला आणि खोलीची किल्ली आपल्या खिशात ठेवली. तीन दिवस सगळे जण काचेतून बघून गेले. चौथ्या दिवशी स्वामीबाई साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“साहेब, मी बोलून बगू का त्याच्यासंग?”

साहेबांना थट्टाच वाटली; पण दुसरं कुणी पुढं येत नव्हतं. बाईंनी वही उघडून ओळीमागून ओळ टाईप केली. पहिल्यांदा चाळीस नंबरच्या ओळीत चूक निघाली, दुसऱ्यांदा साठ नंबरच्या. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर हिरवा आकडा उमटला. बाईंनी वहीचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. चिंचोक्यांनी काढलेली सरासरी तिथं लिहिलेली होती. तीच. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या मात्र डोळे मिटून जरा वेळ तशाच बसल्या, गाभाऱ्यात बसावं तशा.

पुढची तीन-चार वर्षं ती खोली त्यांचीच झाली. जिल्ह्याची पत्रकं, सरासऱ्या, तुलना, सगळं त्यांच्या बेसिकमधून निघायला लागलं. मग वरून नवं मशीन आलं आणि त्याच्याबरोबर नवी भाषा, डीबेस. ती शिकवायला औरंगाबादहून सलीम नावाचा मुलगा आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, पॉलिटेक्निक झालेला, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं मशीन सुरू केलं तर पडद्यावर काहीच नाही, डाव्या कोपऱ्यात नुसतं एक टिंब.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे तो तयार हाय. बोला म्हणतो.”

बाईंनी सवयीनं दहा नंबर टाकून ओळ लिहिली. मशीननं ती नाकारली. पुन्हा लिहिली, पुन्हा नाकारली. सलीम हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण साहेब शेजारी उभे होते.

“बाई, बेसिक डोक्यातून काढून टाका. त्याच्यानं आदत बिघडती. आधी बेसिक शिकलेल्याला शिकवण्यापेक्षा कोरा माणूस बरा.”

साहेब म्हणाले, “मग कोराच बघू कुणीतरी.”

स्वामीबाई उठल्या, बाहेर येऊन आपल्या टाईपरायटरवर बसल्या. पुढचे पंधरा दिवस त्या आतल्या खोलीत गेल्या नाहीत. बोलता बोलता थांबणंही बंद झालं. विचारलेल्या प्रश्नाला चटकन उत्तर द्यायच्या, इतर माणसांसारखं. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं.

सोळाव्या दिवशी नवी वही घेऊन आल्या. पायातल्या वहाणा दाराशी काढल्या आणि सलीमच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. “मला पयल्यापासून सांगा. मी कोरी होऊन आलेय,” म्हणाल्या. तो सकाळी खोलीत आला की या विद्यार्थिनीसारख्या उठून उभ्या राहायच्या. बिचारा कानकोंडा व्हायचा.

“ताई, माझ्या अम्मीच्या वयाच्या तुम्ही. मला गुनाह लागंल. बसा.”

“शिकवतो त्याच्यापुढं उभं ऱ्हावं लागतंय,” एवढंच म्हणायच्या.

कोरं होणं सोपं नव्हतं. नवं समजायचं राहायचं आणि हात आपोआप जुन्या वाटेनं जायचे. एका दुपारी मात्र त्या बाहेर आल्या त्या हातात वही नाचवतच. “सुमन, कळालं गं! बेसिकला वाट सांगावी लागायची. इथून उठ, तिथं जा, दोन पावलं चाल, मोज, परत ये. ह्याला वाट सांगायची न्हाई. नुसतं ठिकान सांगायचं. अमुक गावचा अमुक महिन्याचा पाऊस दाखव म्हनायचं, तो आपली वाट आपन काढतो.” मग थांबल्या, डोळे लांब गेले. किती दिवसांनी गेले! मी टाईप करणं थांबवून त्यांची वाट बघत बसले. परत आल्या आणि म्हणाल्या, “पन मग वाट काढायचा आनंद त्यालाच की.”

नव्या भाषेत सगळी वर्षं एकाच जागी भरायची होती. मांडणीवरचे गठ्ठे सोडून बाई एकेक पत्रक भरायला लागल्या. आजवर प्रत्येक वर्ष वेगळ्या फडक्यात होतं. आता सगळ्या वर्षांचे पावसाळे एकमेकांना लागून झोपले. असे चार-पाच महिने गेले असतील. एके दिवशी आकडे भरता भरता त्यांचे हात थबकले.

“हे मी आधी टाईप केलंय.”

“असं वाटतं ताई. सगळे आकडे सारखेच दिसतात.”

“मला न्हाई वाटायलं. बोटांना वाटायलंय.”

त्यांनी त्या टिंबापुढं एक ओळ लिहिली. हे गाव, ही तारीख, सगळी वर्षं दाखव. पाच ओळी खाली उतरल्या. पाचही वर्षी त्या तारखेला तेवढाच पाऊस. दुसरी तारीख विचारली. तेच. तिसरी, चौथी, पूर्ण आषाढ, पूर्ण श्रावण. लागोपाठ पाच पावसाळे थेंबाथेंबानं सारखे होते. त्यातल्या एका वर्षी तर सगळा जिल्हा कोरडा गेला होता.

सलीम म्हणाला, “कुणीतरी घरबसल्या नक्कल केली. रिपोर्ट करून टाका.”

“आधी जाऊन बगते,” बाई म्हणाल्या.

ते गाव ताडकळसच्या पुढं दोन-अडीच मैलांवर होतं. लगेच जाता आलं नाही. विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा पेटलं होतं आणि एसट्या बंद होत्या. त्या वर्षांत एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारायचा, मग आडनाव, आणि मग सरकून बसायचा. जवळ सरकायचा की लांब, ते आडनावावर. गाड्या सुरू झाल्यावर आम्ही दोघी निघालो. ताडकळसला उतरून पायी गेलो. दोन्ही बाजूंना कापूस फुलावर आला होता आणि वारा पडलेला होता. अख्खं शिवार झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

भांडं शाळेमागच्या तारेच्या कुंपणात होतं. स्वच्छ, घासलेलं. ते बघणारे किसनराव शाळेत शिपाई होते. त्यांचं घर गावाच्या टोकाला, बौद्धवाड्यात. निळा रंग दिलेली भिंत, दारात बाज, बाजेवर किसनराव. आम्ही अगदी समोर उभ्या राहिलो तरी त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही. त्यांना दिसत नव्हतं.

“परभनीहून सरकारी बाया आल्यात,” त्यांची बायको गयाबाई म्हणाली आणि दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी राहिली.

स्वामीबाई बाजेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “आधी पानी द्या बाई. लय चालून आलो.” गयाबाईनं आमच्याकडं, मग बाईंच्या कपाळाकडं पाहिलं आणि तांब्या आणला. बाई घटाघटा प्यायल्या. मी तहान नाही म्हणाले. तहान होती. हे लिहिताना आजही मला त्या तांब्याकडं बघवत नाही.

किसनरावांनीच सांगून टाकलं. “मापावरच्या रेघा पुसट व्हायला लागल्या. मला वाटलं माप खराब झालं. मग पोरांची तोंडं बी पुसट झाली. शाळेत हेडमास्तर सांभाळून घ्यायलेत. पन पावसाचं काम जाईल म्हून हिला म्हनलो, मागचा कागद बगून तसाच काढ.”

“मला आकडे येत न्हाईत बाई,” गयाबाई म्हणाली. “रांगोळीवानी काढले. जुनं पुढं ठिवायचं आन् तसंच गिरवायचं.”

“आन् भांड्यातलं पानी?” स्वामीबाईंनी विचारलं.

“रोज सकाळी जाऊन वतून यायचे. ह्यांनी सांगितलं व्हतं, भरून वाहू नये.”

स्वामीबाईंचे डोळे भिंतीवरून, कौलांवरून पार लांब गेले. चार पावसाळ्यांचं खरं पाणी ही बाई रोज सकाळी साडेआठला मातीत ओतत होती आणि कागदावर त्यांच्या आधीच्या वर्षाची रांगोळी काढत होती. गयाबाईला वाटलं, सरकारी बाई रागावल्या. तिनं पदर तोंडाला लावला.

भानावर आल्यावर बाई म्हणाल्या, “चला, भांड्याकडं जाऊ. येताना घागर घ्या.”

कुंपणात बसून त्यांनी काचेच्या मापात घागरीतलं थोडं पाणी ओतलं. “ह्या रेघेचा आकडा काढून दाखवा.” गयाबाईनं मातीत त्या रेघेशेजारचा आकडा हुबेहूब काढला. अजून पाणी, अजून एक आकडा. सगळे वळणदार, माझ्या अक्षरापेक्षा सुरेख.

“तुमाला आकडे येतातच की,” स्वामीबाई म्हणाल्या. “नुसती त्यांची नावं म्हाईत न्हाईत. नावं लगेच शिकता येतात.”

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीपर्यंत गयाबाईला नऊपर्यंतची नावं पाठ झाली. पुढचे सात आठवडे दर बाजारच्या दिवशी स्वामीबाई रजा टाकून ताडकळसला जायच्या. गयाबाई बाजाराला यायची आणि दोघी एसटी थांब्याच्या लिंबाखाली पाटी घेऊन बसायच्या.

इकडं साहेबांचा अहवाल वर जायचा होता. खोट्या चार वर्षांच्या जागी शेजारच्या गावांची सरासरी भरा, म्हणाले. बाईंनी नकार दिला.

“मग मोकळं सोडा.”

“मोकळं सोडलं तर मशीन तिथं शून्य धरतंय साहेब. शून्य म्हंजी पाऊस पडला न्हाई. हितं पडलाय. फकस्त मोजला न्हाई. ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत.”

त्यांनी स्वतःच त्यावर उपाय काढून ठेवला होता. प्रत्येक नोंदीशेजारी आणखी एक रकाना. मोजला की नाही, एवढंच सांगणारा. सलीमनं तो रकाना दोनदा उघडून पाहिला. मग म्हणाला, “ताई, हे मी तुम्हाला शिकवलेलं नाही.”

साहेब भडकले. “वरचे विचारतील, चार वर्षं झोपला होता का!”

“व्हय. ती पत्रकं मीच टाईप केलीत. मी बी झोपले व्हते. तसं लिहा.”

अहवालात बाईंनी सगळं लिहिलं. किसनरावांची दृष्टी, गयाबाईनं गिरवलेले आकडे, आपली स्वतःची चूक, आणि आता गयाबाईनं खरोखर मोजलेल्या दोन महिन्यांचं पत्रक. खाली शिफारस केली, की काम तिच्याच नावावर करावं. महिन्याभरात बाईंच्याच बदलीचा हुकूम आला, येलदरीला, धरणावर पाण्याची पातळी लिहायला. तिथं कॉम्प्युटर नव्हता.

त्या गेल्यावर साहेबांनी सलीमला तो रकाना काढून टाकायला सांगितलं. सलीम म्हणाला, “साहेब, तो काढला तर सगळा प्रोग्रॅमच बसतो. मोठी रिस्क आहे.” हे साफ खोटं होतं, तोपर्यंत मलाही एवढं कळत होतं. मी मान खाली घालून टाईप करत राहिले. रकाना राहिला. पुढं साहेबही बदलून गेले, आणि वर्ष-दीड वर्षानं गयाबाईच्या नावाचा कागद निघाला. तो मीच टाईप केला, तीनदा तपासून.

येलदरीला मी एकदाच गेले. पाण्याच्या काठावर खडकावर त्या बसल्या होत्या. लांब कोळ्यांच्या होड्या धुक्यात लोंबकळल्यासारख्या दिसत होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

“करमतंय का ताई?”

“तिथं नुसता आकडा दिसायचा, हितं पानी दिसतंय,” त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं, पाण्याकडंच बघत, “पन त्या टिंबाची लय याद येती.”

नंतर माझीही बदली नांदेडला झाली. त्या मला शेवटच्या दिसल्या त्या परभणीतच, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. मी सामान न्यायला आले होते. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय नुकताच झाला होता; काही गल्ल्यांतून गुलाल उडाला होता, काही दुकानांची दारं अर्धीच उघडी होती. रविवार होता. बाजारातल्या एका जिन्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती आणि खालच्या पानवाल्यानं सांगितलं, कपाळाला भस्म लावलेली एक बाई दर रविवारी येलदरीहून जिंतूरमार्गे दोन गाड्या बदलून येती.

मी वर गेले. काचेतून आत पाहिलं. पंधरा-वीस कॉलेजची पोरं-पोरी, आणि अगदी शेवटच्या बाकावर स्वामीबाई. केस बरेच पांढरे झालेले. फळ्यावर कुठल्याशा नव्या भाषेचे कंस आणि अर्धविराम होते, मला एक अक्षर कळेना. शिकवणाऱ्यानं वळून विचारलं, “समजलं सगळ्यांना?” पोरांनी एकसुरात होकार दिला. तो फळा पुसायला वळणार, तेवढ्यात मागून हात वर झाला.

स्वामीबाई उठून उभ्या राहिल्या. “मला न्हाई समजलं, सर. पुन्यांदा सांगा.”

सगळ्या वर्गानं माना वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मग हळूहळू एकेक वही पुन्हा उघडली.